गुरूची खरखर आणि शनीचा दिवस

(नभोवाणीवरील भाषण)

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं लांकडी पेटीचा एक रेडिओ होता. संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळीं आळींतील चार मंडळी ओट्यावर येऊन बसत. मृगाचे दिवस जवळ आले, पश्चिमेकडे विजा लवूं लागल्या, कीं त्या पेटींतून अशी खरखर सुरू होई कीं, बातम्या सांगणाऱ्याचें निम्में बोलणें तींत बुडून जाई. मग वडील उठत, कांटा थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवीत, आणि शेवटीं कंटाळून बटण बंद करीत. "आज नुसती खरखर आहे," असें म्हणून मंडळी घरोघर जात. त्या खरखरीकडे लक्ष द्यावें, तिच्यांत कांहीं ऐकण्यासारखें असेल, असें आमच्यापैकीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नाहीं.

आज मी बोलणार आहें तें ह्या खरखरीविषयींच. तिच्यांतील पुष्कळशी विजेची असते. कांहीं शेजारच्या मोटारीची, पिठाच्या गिरणीची किंवा बिघडलेल्या दिव्याची असते. परंतु आंखूड लहरींवर कांटा असतां तिच्यांतील थोडी खरखर कधीं कधीं साठ कोटींहून अधिक किलोमीटरांवरून, प्रत्यक्ष गुरु ग्रहापासून आलेली असते. मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म फळ्यासमोर घालविलेला एक शाळामास्तर आहें. जें वाचलें आणि स्वतःस समजलें, तेवढेंच सांगेन. शिवाय ह्या विषयाच्या बाबतींत एका विद्यार्थ्याचें जुनें देणें माझ्या अंगावर आहे. तें कसलें, हें ओघानें येईलच.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. ग्रहाची खरखर ऐकूं येते म्हणजे तेथून आवाज येतो, असें नव्हे. आवाजाला हवा लागते, आणि दोन ग्रहांच्या मध्यें हवा नाहीं. तेथून येतात त्या रेडिओ लहरी. ह्या लहरी म्हणजे प्रकाशाचीं सख्खीं भावंडें. वेग तोच, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या. आतां ह्या क्षणीं माझा आवाज तरी तुमच्या घरीं कोठें येत आहे? येते ती लहर. तिचा आवाज करतो तो तुमचा रेडिओ. गुरूच्या लहरींचेंहि तसेंच. गुरु आपल्याला अगदीं जवळ असतो तेव्हांहि त्याच्या लहरीला येथें पोंचावयास सुमारें ३५ मिनिटें लागतात. म्हणजे आपण ऐकतों ती गुरूची खरखर शाळेंतील एका तासिकेइतकी जुनी असते.

आतां खरखरींत अर्थ असतो हें माणसाला प्रथम कसें कळलें, तें पाहूं. ही हकीकत पहिल्या महायुद्धांतील आहे. शत्रूचें टेलिफोनवरील बोलणें चोरून ऐकण्यासाठीं सैन्यांनीं तारा पसरून त्यांना ध्वनिवर्धक यंत्रें जोडलीं होतीं. ऐकणाऱ्यांना बोलण्याऐवजीं मधूनमधून एक चमत्कारिक शीळ ऐकूं येई. ती उंच स्वरांत सुरू होई आणि पाहतां पाहतां घसरत खर्जांत जाऊन विरून जाई. तोफेचे गोळे उडतांना ऐकूं येत आहेत, असें सैनिक आपसांत म्हणत. हाइन्रिख बार्कहाउझेन ह्या जर्मन पदार्थवैज्ञानिकानें ह्या शिळेची हकीकत १९१९ सालीं प्रसिद्ध केली. परंतु तिचा नीट उलगडा होण्यास १९५३ साल उजाडावें लागलें. त्या सालीं केंब्रिज येथील ओवेन स्टोरी ह्या तरुण संशोधकानें दाखवून दिलें कीं, ही शीळ म्हणजे आपल्या आकाशांतील विजेचीच एक दूरची यात्रा होय.

वीज कडाडते तेव्हां लहान-मोठे सर्व स्वर एकदमच निघतात. त्यांतील कांहीं भाग वातावरण सोडून पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषा धरून हजारों किलोमीटर वर चढतो, आणि एखाद्या कमानीवरून उतरावें तसा दुसऱ्या गोलार्धांत उतरतो. वाटेंत विद्युत्कणांची वस्ती असते. तिच्यांतून उंच स्वर लौकर पार पडतात, खर्जाचे मागें रेंगाळतात. पालखीबरोबर निघालेलीं मुलें पुढें धांवत जावीं आणि आजोबा काठी टेकीत मागून यावे, तशांतला हा प्रकार. म्हणून एका क्षणाचा कडकडाट दुसऱ्या टोंकाला लांबलेली शीळ होऊन पोंचतो.

ह्या शिळेनें एक मोठी बातमी दिली. जेथें जवळजवळ पोकळीच आहे अशी समजूत होती, तेथें पृथ्वीच्या पुष्कळ वरपर्यंत विद्युत्कण भरलेले आहेत आणि ते पृथ्वीच्या चुंबकाच्या धाकांत आहेत, ही ती बातमी. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे, हें आपण शाळेंत शिकतों. ह्या चुंबकाची सत्ता होकायंत्राच्या सुईपुरती नसते. सूर्याकडून विद्युत्कणांचा वारा अखंड वाहत असतो. त्या वाऱ्याला थोपवून धरणारी, सूर्याच्या बाजूला सुमारें साठ-पासष्ट हजार किलोमीटरांपर्यंत पोंचणारी आणि मागील बाजूस शेपटासारखी लांबलेली अशी एक हद्द पृथ्वीभोंवतीं आहे. ह्या हद्दीच्या आंतील प्रदेशाला चुंबकांबर म्हणतात. बुध, गुरु, शनि, युरेनस आणि नेपच्यून ह्यांनाहि अशीं चुंबकांबरें आहेत. शुक्राला आणि मंगळाला असा सबंध ग्रहव्यापी चुंबक नाहीं. सर्वांत मोठें चुंबकांबर गुरूचें. तें डोळ्यांना दिसत असतें तर रात्रीच्या आकाशांत पौर्णिमेच्या चंद्राहूनहि मोठें दिसलें असतें, आणि त्याचें शेपूट थेट शनीच्या कक्षेपर्यंत जातें. आज आपण ज्या खरखरीविषयीं बोलत आहों, ती ह्या चुंबकांबरांत जन्मते.

पण हें सर्व ज्ञान मागाहूनचें. गुरूचा आवाज सांपडला तो केवळ अपघातानें. १९५५ सालचा आरंभ होता. अमेरिकेंतील मेरिलंड राज्यांत सेनेका गांवाजवळ ९६ एकरांच्या एका शेतांत वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेनें एरियलच्या तारांची एक प्रचंड फुली उभारली होती. बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन हे दोघे संशोधक तिच्या साह्यानें सुमारें साडेतेरा मीटर लांबीच्या, म्हणजे सेकंदाला २ कोटी २२ लक्ष आंदोलनें करणाऱ्या लहरींवर आकाशाचें निरीक्षण करीत होते. कागदाच्या पट्टीवर एक लेखणी सारखी रेघ ओढीत असे. वृषभ राशींतील खेकडा तेजोमेघ डोक्यावरून गेला कीं रेघेला एक सुबक उंचवटा येई. परंतु त्यानंतर थोड्या वेळानें कित्येक रात्रीं लेखणी एकदम वेडीवांकडी नाचूं लागे. शेतावरील एखादा गडी रात्रीं मोटार घेऊन घरीं परतत असेल, तिच्या ठिणग्यांचा हा उपद्रव, अशी त्यांनीं आपली समजूत करून घेतली.

पुढें पट्ट्या एकापुढें एक मांडल्या तेव्हां शंका आली. हा उपद्रव घड्याळाची वेळ पाळीत नव्हता. ताऱ्यांची पाळीत होता. तारे रोज सुमारें चार मिनिटें अगोदर उगवतात, तसा तोहि रोज थोडा अगोदर येई. मोटारवाला गडी असें कशाला करील? बरें, ताऱ्यांसारखा तो एका जागीं स्थिरहि नव्हता. आठवड्या-आठवड्यांत किंचित् सरकत होता. एका सहकाऱ्यानें थट्टेनें गुरूचें नांव घेतलें. थट्टा तर थट्टा, म्हणून त्यांनीं गुरूचें त्या दिवसांतील स्थान मांडून पाहिलें. तें तंतोतंत जुळलें! एप्रिल १९५५ मध्यें त्यांनीं आपला शोध जाहीर केला.

ह्याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. ही बातमी ऑस्ट्रेलियांत पोंचली तेव्हां तेथील अ‍ॅलेक्स शेन ह्या संशोधकानें आपल्या १९५० आणि १९५१ सालच्या नोंदी बाहेर काढून तपासल्या. गुरु तेथें होताच! चार-पांच वर्षें त्याची खरखर त्या पट्ट्यांवर उमटून पडली होती. परंतु ती जवळपासच्या यंत्रांची असावी, अशा समजुतीनें बाजूला राहिली होती. गुरु मोठ्यानें बोलत होता, लिहिणारी लेखणी लिहीत होती, फक्त वाचणारा नव्हता. श्रोतेहो, गुरूची हांक गुरुजींनाच ऐकूं येऊं नये, अशी गत आमच्या धंद्यांत पुष्कळदां होते. त्यामुळें ही हकीकत वाचतांना मला हंसूं आलें आणि थोडें लाजल्यासारखेंहि झालें.

ही खरखर कशी असते? ती दोन प्रकारची आहे. एक, समुद्राच्या लाटा वाळूवर येऊन फुटाव्या आणि मागें सराव्या तशी, सावकाश चढणारी-उतरणारी. दुसरी, फोडणींत मोहरी तडतडावी तशी, सेकंदाच्या लहानशा अंशांत होऊन जाणारी. ह्या लहरींवर गुरूचें वादळ भरांत असतां शांत सूर्यसुद्धां त्याच्यापुढें फिका पडतो.

आतां ती निर्माण कशी होते, हें थोडक्यांत सांगतों. चुंबकाच्या प्रभावांत सांपडलेला विद्युत्कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरळ जात नाहीं. तो बलरेषेभोंवतीं गरगर फिरत पुढें जातो. चुंबकाचा जोर मोजण्याचें माप गाउस हें आहे. एक गाउस जोराच्या चुंबकांत इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारें २८ लक्ष फेऱ्या घेतो. दोन गाउस असल्यास ५६ लक्ष. ग्रहांच्या ध्रुवांजवळ, जेथें ध्रुवीय प्रकाशाचे पडदे दिसतात तेथें, असे असंख्य इलेक्ट्रॉन वेगानें खालीं उतरत असतात, आणि अनुकूल परिस्थितींत ते सर्व जणूं एका तालावर फिरूं लागून आपल्या फेऱ्यांच्या गतीचीच रेडिओ लहर बाहेर टाकतात. म्हणून लहरीचा स्वर मोजला कीं चुंबकाचा जोर कळतो. गुरूची खरखर सेकंदाला सुमारें ३ कोटी ९५ लक्ष आंदोलनांपर्यंत ऐकूं येते आणि त्याच्या वर एकदम बंद पडते. आतां २८ लक्षांस एक गाउस, तर ३ कोटी ९५ लक्षांस किती? हें साधें त्रैराशिक आहे; उत्तर सुमारें चौदा गाउस. पृथ्वीच्या पृष्ठावर चुंबकाचा जोर कोठेंहि पाऊण गाउस भरत नाहीं. कोणतेंहि यान तेथें पोंचण्यापूर्वीं, घरीं बसल्या खरखर ऐकून, गुरु हा एक जबरदस्त लोहचुंबक आहे हें माणसानें ताडलें. आणि डिसेंबर १९७३ मध्यें पायोनियर १० हें यान गुरूजवळून गेलें तेव्हां त्याच्या उपकरणांनीं हा चुंबक प्रत्यक्ष मोजला.

गुरूच्या खरखरींत आणखी एका सोबत्याचा हात आहे. गॅलिलिओनें १६१० सालीं गुरूचे जे चार चंद्र पाहिले, त्यांतील सर्वांत आंतला आयो. तो साडेबेचाळीस तासांत गुरूभोंवतीं एक फेरी पुरी करतो. १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांतील कीथ बिग ह्यांनीं जुन्या नोंदी आयोच्या स्थानाशीं ताडून पाहिल्या, तेव्हां असें दिसलें कीं, आयो कांहीं ठराविक जागीं आला म्हणजे खरखर हटकून वाढते. एवढासा, आपल्या चंद्राहून किंचित् मोठा गोळा, त्यानें एवढ्या मोठ्या गुरूला बोलतें करावें, ह्याचें तेव्हां मोठें नवल वाटलें. १९७९ सालीं व्हॉयेजर यानाच्या छायाचित्रांत आयोवर जळते ज्वालामुखी दिसले आणि नवलाचें कारण हळूहळू कळलें. आयोपासून दर सेकंदाला सुमारें एक टन गंधक आणि प्राणवायु ह्यांचें द्रव्य गुरूच्या चुंबकांबरांत मिसळतें. गुरूचा चुंबक गुरूबरोबर गरगर फिरत आयोवरून सारखा जात असतो. त्यामुळें आयो हा डायनामोसारखा वागतो, आणि त्याच्यापासून गुरूपर्यंत लक्षावधि अँपिअरचा विद्युत्प्रवाह वाहतो. त्या प्रवाहांतील इलेक्ट्रॉनच आपली खरखर करतात. २०१६ सालीं गुरूभोंवतीं फिरूं लागलेलें जूनो हें यान तर ह्या खरखरीच्या उगमांतूनच गेलें.

ही खरखर सर्व दिशांना सारखी पसरत नाहीं. ती एका पोकळ शंकूच्या कडेवरून बाहेर पडते. गुरूचा चुंबक त्याच्या आंसाशीं सुमारें दहा अंशांनीं कललेला आहे. त्यामुळें गुरु फिरला कीं हे शंकूहि डोलतात, आणि दीपगृहाचा झोत ठराविक वेळानें गलबतावर यावा, तसा तो झोत आपल्यावर पुन्हा पुन्हा येतो. ह्यामुळें एका जुन्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. गुरूला घट्ट जमीन नाहीं. दिसतात ते ढग, आणि तेहि निरनिराळ्या पट्ट्यांत निरनिराळ्या वेगानें फिरतात. मग त्याचा दिवस कोणत्या ढगावरून मोजावा? चुंबकाचें मूळ ग्रहाच्या पोटांत असतें. म्हणून खरखरीच्या ठेक्यावरून मोजलेला दिवस हा ग्रहाच्या पोटाचा दिवस. तो निघाला ९ तास ५५ मिनिटें आणि सुमारें साडेएकोणतीस सेकंद. कित्येक दशकें मोजूनहि हा आंकडा डळमळला नाहीं.

ह्या यशामुळें तीच युक्ति शनीला लावण्यांत आली, आणि येथेंच माझ्या देण्याची गोष्ट येते.

शनीची खरखर पृथ्वीवरून ऐकूं येत नाहीं. तिच्या लहरी किलोमीटरभर लांबीच्या, आणि आपल्या वातावरणाच्या वर विद्युत्कणांचा आयनांबर नांवाचा जो थर आहे, तो अशा लांब लहरींना आंत येऊं देत नाहीं. ती प्रथम ऐकली १९८० सालीं व्हॉयेजर यानानें. तिच्या ठेक्यावरून शनीचा दिवस ठरला: १० तास ३९ मिनिटें २४ सेकंद. हा आंकडा जगभर पुस्तकांत छापला गेला. आमच्याकडे ज्याला शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा म्हणतात, तो स्वतःभोंवतीं एवढ्या झपाट्यानें फिरतो, हें सांगतांना वर्गांत मला मोठा हुरूप येई.

१९९५ च्या सुमारास सातवीच्या वर्गांत मीं हा आंकडा फळ्यावर लिहिला. मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, शनीला जमीन नाहीं असें तुम्हींच काल सांगितलें. मग हा दिवस मोजला कशाचा?" प्रश्न लाख मोलाचा होता. मला उत्तर येत नव्हतें. येत नाहीं, असें म्हणावयास हवें होतें. त्याऐवजीं मीं म्हणालों, "मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीं मोजला आहे. सेकंदासकट छापलें आहे, तें काय खोटें? बस खालीं." वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला, आणि त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्यानें मला एकहि प्रश्न विचारला नाहीं. त्या वेळीं मला वाटलें, वर्गाला शिस्त लागली.

पुढें २००४ सालीं कॅसिनी हें यान शनीजवळ पोंचलें आणि त्याच्या भोंवतीं फिरूं लागलें. त्यानेंहि तीच खरखर ऐकली, तोच ठेका मोजला. उत्तर आलें १० तास ४५ मिनिटें ४५ सेकंद. चोवीस वर्षांत दिवस सहा मिनिटांनीं लांबला! पृथ्वीच्या ९५ पट वजनाचा, भोंवऱ्यासारखा फिरणारा गोळा एवढ्या अवधींत इतका मंदावणें शक्य नाहीं. त्याला आवरणारी तेवढी शक्ति कोठेंच नाहीं. म्हणजे मोजणाऱ्यांची चूक? तीहि नाहीं, दोन्ही मापें चोख होतीं. मग पुढें असेंहि आढळलें कीं, उत्तर ध्रुवाकडील खरखरीचा ठेका वेगळा आणि दक्षिणेकडील वेगळा. एक सुमारें १०.६ तासांचा, दुसरा सुमारें १०.८ तासांचा, आणि दोन्ही वर्षानुवर्षें थोडेथोडे बदलणारे. एका ग्रहाला दोन दिवस कसे असतील?

उलगडा असा झाला. गुरूचा चुंबक आंसाशीं कललेला आहे, म्हणून तो डोलतो आणि त्याचें डोलणें पोटांतील फिरण्याची खरी साक्ष देतें. शनीचा चुंबक आंसाशीं जवळजवळ तंतोतंत जुळलेला आहे. कॅसिनीच्या शेवटच्या मोजणीप्रमाणें अंशाच्या शंभराव्या हिश्शाइतकाहि फरक नाहीं. असा भोंवरा डोलतच नाहीं. मग ठेका येतो कोठून? तो येतो वरून. शनीच्या उंच वातावरणांतील वारे आणि त्याच्या चुंबकांबरांतील विद्युत्प्रवाह ह्यांच्याकडून. त्यांतच एन्सेलॅडस नांवाचा त्याचा चंद्र पाण्याच्या वाफेचे फवारे सोडून ह्या चुंबकांबरांत सारखी भर टाकीत असतो. हें सर्व आवरण ग्रहाच्या पोटाशीं घट्ट बांधलेलें नाहीं. तें घसरतें, मागें राहतें, ऋतूप्रमाणें बदलतें. म्हणजे जें मोजलें तें बरोबर मोजलें होतें; पण तो शनीचा दिवस नव्हता.

खरा दिवस शेवटीं सांपडला तो कड्यांत. शनीच्या पोटांत मंद कंप चालू असतात, त्यांच्या ओढीनें त्याच्या कड्यांत सूक्ष्म तरंग उमटतात. कॅसिनीनें टिपलेल्या ह्या तरंगांवरून २०१९ सालीं जो हिशोब प्रसिद्ध झाला, त्यांत शनीचा दिवस १० तास ३३ मिनिटें ३८ सेकंद निघाला, आणि करणाऱ्यांनीं स्वतःच सांगून ठेविलें कीं ह्यांत एक-दोन मिनिटांचा फरक असूं शकेल. मला तो आंकडा आवडलाच, पण त्याहून ही शेवटची कबुली अधिक आवडली. सेकंदासकट छापलेला आंकडा मीं एका मुलाच्या अंगावर दंडुक्यासारखा उगारला होता; ज्यांना तो आंकडा काढण्याचा अधिकार होता, ते मात्र आपल्या आंकड्याबरोबर आपली शंकाहि छापीत होते.

अशी सुधारणा केवळ शनीच्याच वाट्याला आली असें नाहीं. १९८६ सालीं व्हॉयेजर २ ह्या यानानें युरेनसची खरखर ऐकून त्याचा दिवस १७ तास १४ मिनिटें २४ सेकंदांचा ठरविला होता. हबल दुर्बिणीनें तेथील ध्रुवीय प्रकाशाचीं अनेक वर्षें घेतलेलीं छायाचित्रें तपासून २०२५ सालीं तो २८ सेकंदांनीं वाढविण्यांत आला. येथें खरखरीनें दगा दिला नव्हता. ऐकावयास वेळ थोडा मिळाला होता, एवढेंच.

आणि आपली पृथ्वी? ती गप्प आहे काय? मुळींच नाहीं. ध्रुवीय प्रकाशाच्या वर, कांहीं हजार किलोमीटर उंचीवर, तिचीहि अशीच खरखर चालू असते. तिचा जोर कधीं एक कोटि वॉट, तर कधीं शंभर कोटि वॉटपर्यंत जातो. परंतु ज्या आयनांबरानें शनीची खरखर अडविली, तोच हिलाहि खालीं येऊं देत नाहीं. आपण घराच्या आंत बसलेलों. आपल्याच छपरावरचा गलबला आपल्याला ऐकूं येत नाहीं. १९६५ पासून उपग्रह वर जाऊन ऐकूं लागले, तेव्हां तो कळला. दूर कोणी ऐकणारा असेल, तर सूर्याच्या ह्या परिवारांत पृथ्वीहि एक बडबडी म्हणूनच त्याला ठाऊक होईल.

ह्याच विचारानें माणूस आतां दुसऱ्या सूर्यांच्या ग्रहांची चाहूल घेऊं लागला आहे, आणि ह्या कामीं आपल्या महाराष्ट्राचाहि हात लागला आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या प्रदेशांत पसरल्या आहेत. गुरूची तडतड तिच्या पट्ट्यांच्या खालच्या स्वरांत असल्यामुळें ती तेथें ऐकूं येत नाहीं. परंतु गुरूभोंवतींच्या पट्ट्यांत प्रकाशाच्या वेगाजवळ फिरणारे इलेक्ट्रॉन जी दुसरी, संथ आणि अखंड लहर सोडतात, तिचें निरीक्षण तेथें झालें आहे. ह्याच दुर्बिणीनें २००९ सालीं हंस राशींतील, सुमारें १२० प्रकाशवर्षें दूर असलेल्या एका ताऱ्याकडे कान लावला. त्याच्याभोंवतीं एक ग्रह फिरतो. त्या दिशेनें एक अत्यंत क्षीण लहर आल्यासारखी वाटली, आणि ग्रह ताऱ्याआड जातांच ती थांबल्यासारखीहि वाटली. पुढील वर्षीं पुन्हा ऐकलें, तेव्हां कांहीं मिळालें नाहीं. फ्रेंच आणि भारतीय संशोधकांनीं २०१३ सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली ती शोध म्हणून नव्हे, तर केवळ एक सूचना, एक चाहूल म्हणून. जेवढें ऐकलें तेवढेंच सांगितलें.

ज्यांना हौस असेल त्यांनीं गुरूची खरखर स्वतः ऐकावी. त्यासाठीं मोठी दुर्बीण लागत नाहीं. चौदा-पंधरा मीटरांच्या लहरी घेणारा चांगला रेडिओ, मोकळ्या जागेंत बांधलेली तारेची एरियल आणि धीर, एवढें पुरतें. मध्यरात्र उलटून गेलेली असावी, गुरु चांगला वर आलेला असावा, आणि आयो आपल्या ठरलेल्या जागीं असावा. परदेशांत कित्येक शाळांतील मुलें असा उद्योग करतात. पहिल्या दिवशीं कांहीं ऐकूं आलें नाहीं, तर बटण बंद करून उठूं नये. आमच्या ओट्यावरची मंडळी तेवढीच चूक करीत होती.

श्रोतेहो, तो मागच्या बांकावरील मुलगा आतां चाळिशी ओलांडून गेला असेल. कदाचित् त्याचींहि मुलें शाळेंत जात असतील. तो आज हें भाषण ऐकत असेल, तर त्याला मला इतकेंच सांगावयाचें आहे: बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. शनीचा दिवस कशाचा मोजला, हेंच विचारावयास हवें होतें. पुढें मोठमोठ्या विद्वानांनीं तोच प्रश्न विचारला, आणि उत्तर सांपडावयास त्यांना पंधरा वर्षें लागलीं. मीं त्या दिवशीं तुला खालीं बसविलें, तें चुकलें. आणि आज ज्या घरांत एखादें मूल असा अडचणीचा प्रश्न विचारीत असेल, तेथील वडीलधाऱ्यांना माझी विनंति आहे कीं, उत्तर येत नसेल तर येत नाहीं म्हणावें; पण बटण बंद करूं नये.